गाडी खाली आली, पण चाकाला जागा उरली का?

लोअर केलेली गाडी उभी असताना देखणी दिसते, यात वाद नाही. अलॉय मडगार्डच्या कमानीत भरून आलेले, टायर आणि पत्रा यांच्यात जेमतेम दोन बोटांची फट, सगळी गाडी रस्त्याला बिलगून बसलेली. गडबड सुरू होते ती मागच्या सीटवर तिघे बसले आणि डिकीत दोन बॅगा पडल्या की. सोसायटीच्या फाटकापाशीच पहिला उंचवटा येतो, मागून ‘धाड्’ असा आवाज होतो, वळताना टायर कुठेतरी खरवडतो आणि आठवडाभरात गाडी ‘शॉक गेलेत’ या तक्रारीवर गॅरेजात उभी राहते. शॉक बहुतेक वेळा गेलेले नसतात. निदान तेव्हा तरी. गेलेली असते ती चाकाला वर सरकायची जागा.

गाडी लोअर करणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘किती खाली जाईल?’ तो दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न असा, की गाडी माणसांनी आणि सामानाने भरल्यावर मागच्या चाकाला वर जायला किती मिलिमीटर उरतील? त्याचं उत्तर हातात असेल तर गाडी बरीच खाली बसवूनही रोज वापरता येते. नसेल, तर महागातलं महाग किटही वाया जातं.

आपल्याकडे हा उद्योग ज्या गाड्यांवर सर्वाधिक चालतो त्यांची मागची रचना ढोबळमानाने एकच आहे. चाकणच्या कारखान्यातून २०२२पर्यंत बाहेर पडलेली फोक्सवॅगन पोलो असो, होंडा सिटी असो किंवा मारुती स्विफ्ट, मागे असतो टॉर्शन बीम. दोन्ही चाकांना धरणारे, गाडीच्या लांबीच्या दिशेने असलेले दोन हात, पुढच्या टोकाला रबरी बुशांवर गाडीच्या तळाला जोडलेले, आणि त्या दोन हातांना सांधणारा, गरजेपुरता पिळला जाणारा एक पोलादी पट्टा. स्प्रिंग वेगळी, शॉक वेगळा. पोलो कंपनीतून निघते तेव्हा तिच्या पोटाखाली साधारण १६५ मिलिमीटर मोकळे असतात. त्यातले ५०-६० कमी करायचे म्हणजे नेमकं काय कमी होतं, हे आधी कागदावर पाहू.

पुढच्या चाकांवर इंजिन आणि गिअरबॉक्स कायमचे बसलेले असतात. एकटा चालक असो की पाच माणसं, पुढचा भार फारसा हलत नाही. मागचा मात्र हलतो. सत्तर-सत्तर किलोचे तिघे मागे बसले आणि डिकीत तीसेक किलो सामान ठेवलं, की मागच्या अॅक्सलवर अंदाजे १८० किलो वाढतात. म्हणजे चाकामागे ९०. आता समजा, मूळ स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला २.५ किलो आहे. ही स्प्रिंग बरोबर चाकावर नसते. ती बिजागरीच्या बाजूला सरकलेली असते. चाक ५० मिमी वर गेलं तर ती दबते ४० मिमी. गुणोत्तर झालं ०.८. पण चाकापाशी जाणवणारा कडकपणा ०.८ पट नव्हे, त्याच्या वर्गाइतका, म्हणजे ०.६४ पट होतो, कारण तरफेचा परिणाम एकदा बलावर आणि एकदा अंतरावर असा दोनदा पडतो. थोडक्यात चाकाच्या जागी मिलिमीटरला १.६ किलो. नव्वदला १.६ने भागा: माणसं बसल्याबरोबर गाडीची मागची बाजू ५६ मिमी खाली जाते.

कंपनीच्या गाडीला हे परवडतं. समजा, रिकाम्या गाडीत चाक बंप स्टॉपला, म्हणजे शेवटच्या रबरी अडथळ्याला, टेकेपर्यंत ७५ मिमी मोकळे आहेत. त्यातले ५६ माणसांनी खाल्ले तरी १९ उरतात, शिवाय स्टॉप स्वतः दबतो ते वेगळं. आता त्याच स्प्रिंगच्या कडकपणावर गाडी ६० मिमी खाली बसवली तर मोकळे उरतात १५. त्यात ५६ मावणार कसे? वाणसामान भरण्यातच पगार संपावा तशी सगळी जागा भार पेलण्यात संपते, आणि खड्ड्यासाठी शिल्लक शून्य. गाडी उभ्याउभ्या रबरावर बसलेली असते. इन्स्टाग्रामवरच्या फोटोंमध्ये मागच्या सीटवर सहसा कुणी नसतं, ते उगाच नाही.

यावर सरधोपट उपाय म्हणजे कडक स्प्रिंग. तो अर्धाच बरोबर आहे. दणका पचवणं म्हणजे त्यातली ऊर्जा स्प्रिंगमध्ये साठवणं, आणि ती ऊर्जा दबलेल्या अंतराच्या वर्गाने वाढते. म्हणून जागा निम्मी झाली तर तोच दणका पचवायला स्प्रिंग दुप्पट नव्हे, चौपट कडक लागते. चौपट कडक स्प्रिंगवर गाडीची वरखाली होण्याची गती दुप्पट होते. साध्या प्रवासी गाडीत ती सेकंदाला एक ते दीड वेळा असते. दुप्पट झाली की ती शर्यतीच्या गाडीच्या पंगतीला जाऊन बसते, आणि मागे बसणाऱ्यांच्या मणक्यांना ते लगेच कळतं. रोजच्या गाडीत म्हणूनच काम वाटून द्यावं लागतं. स्प्रिंग मूळच्या दीडपट-दुप्पट कडक, त्याला साजेसा आणि लांबीने आखूड शॉक, वर लांब व मऊ बंप स्टॉप, आणि उंची ठरवताना थोडा संयम. वरच्याच उदाहरणात स्प्रिंग ५ किलोची केली तर चाकापाशी कडकपणा ३.२ होतो आणि तीच माणसं गाडीला ५६ऐवजी २८ मिमी खाली बसवतात. पंधरात अठ्ठावीसही मावत नाहीत. पण चाळीस मिमीच लोअर केली असती, तर मावले असते.

हे सगळे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्यक्षातले आकडे आपल्याच गाडीवर, आणि किट मागवण्याआधी घ्यायचे असतात. त्याला लागतं काय? जॅक, दोन भक्कम स्टँड, मोजपट्टी, मास्किंग टेप, दोन केबल टाय आणि मुलं खेळतात ती रंगीत माती. मोजायचं ते चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा आणि झीज हिशेबात शिरते. टेपचा तुकडा मडगार्डवर चिकटवून त्यावरच आकडे लिहावेत. कागद हरवतो, टेप गाडीवर राहते.

पहिलं माप रिकाम्या गाडीचं. दुसरं, नेहमी जेवढी माणसं बसतात तेवढी खरोखर बसवून. हे दुसरं माप जवळजवळ कुणी घेत नाही आणि पुढची निम्मी रडगाणी तिथूनच निघतात. तिसरं, गाडी तळाच्या ठरलेल्या जागी उचलून, मागची चाकं पूर्ण लोंबकळू देऊन.

चौथं माप कष्टाचं आहे, पण सगळं कळतं ते यातूनच. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर स्टँडवर ठेवायची, पुढच्या चाकांना ठोकळे लावायचे आणि मागची चाकं काढायची. बीमखाली जॅकचा आधार देऊन दोन्ही शॉकचे खालचे बोल्ट काढायचे, बीम सावकाश खाली उतरवायचा. ब्रेकच्या नळीवर आणि एबीएसच्या वायरवर बीमचं वजन येता कामा नये. बीम पुरेसा खाली आला की स्प्रिंगा हाताने निघतात. ज्या गाडीत स्प्रिंग शॉकवरच चढवलेली असते तिथे हे घरी करू नये. दाबून धरलेली स्प्रिंग सुटली तर जबडा फोडते. स्प्रिंगा काढल्यावर शॉक पुन्हा जोडायचे, चाकं लावायची आणि जॅकने बीम हळूहळू वर न्यायचा. दर दहा मिलिमीटरला थांबून बॅटरी मारून पाहायचं, कोण कुणाच्या किती जवळ आलंय. टायरच्या वर आणि मडगार्डच्या आतल्या कडेला मातीचे गोळे चिकटवलेले असले की घासण्याची जागा मातीतच उमटते. आधी दोन्ही चाकं एकदम वर न्यावीत, मग फक्त एक. तिरप्या रस्त्यावरून फाटकात शिरताना एकच चाक वर जातं, आणि टायर नेमका तेव्हा पत्र्याला लागतो.

बंप स्टॉप लागलेला असताना जॅकने चाक फार वर जात नाही. त्याऐवजी गाडीच स्टँडवरून उचलली जाऊ लागते. तिथे थांबावं. स्टॉप टेकला तिथलं माप लिहून घ्यावं, मग स्टॉप काढून, तो पूर्ण दबल्यावर जेवढी उंची उरेल तिथपर्यंत चाक नेऊन पाहावं. फोमचा चांगला स्टॉप आपल्या उंचीच्या निम्म्याहून जास्त दबतो. म्हणजे ६० मिमीचा स्टॉप असेल, तर टेकल्यानंतरही चाक आणखी तीसेक मिमी वर जाणारच, हे धरून चालावं.

या चाचणीतून एक क्रम हाती लागतो. वर जाताना सगळ्यांत आधी बंप स्टॉप टेकला पाहिजे. त्याच्या आधी टायर पत्र्याला लागला, स्प्रिंगचे वेढे एकमेकांवर बसले, शॉक आतून तळाला आपटला किंवा बीम सायलेन्सरच्या नळीला भिडला, तर ती उंची त्या गाडीला झेपणारी नाही. मग मोजकेच मार्ग उरतात: गाडी थोडी वर घ्या, अडणारी वस्तू हलवा, किंवा स्टॉप उंच करून चाकाला आधीच थांबवा. तिसरा मार्ग टायर वाचवतो. पाठीचं मात्र तो काही बघत नाही.

बंप स्टॉपविषयी गॅरेजांमध्ये एक विचित्र अनास्था आहे. शॉक बदलताना कुजलेला जुना स्टॉप तसाच चढवला जातो, किंवा ‘मधे येतो’ म्हणून कापून टाकला जातो. खूप खाली बसलेल्या गाडीत हा तुकडा खरं तर दुसऱ्या स्प्रिंगचं काम करतो, कारण रोजच्या वापरातला मोठा वेळ चाक त्याच्या जवळपासच फिरत असतं. घट्ट काळ्या रबराचा आखूड ठोकळा टेकताक्षणी भिंतीसारखा वागतो. सूक्ष्म छिद्रांच्या पॉलीयुरेथेन फोमचा, वळ्या-वळ्यांचा आणि खाली निमुळता होत गेलेला स्टॉप आधी अलगद दबतो आणि मग कडक होत जातो. जागा कमी असेल तिथे दुसराच हवा. लोअरिंग स्प्रिंगबरोबरच्या सूचनांत अनेकदा स्टॉप अमुक इतका कापा असं लिहिलेलं असतं. कापायचा तो शॉकच्या वरच्या माउंटिंगला टेकणाऱ्या जाड बाजूने. निमुळतं टोक शाबूत ठेवायचं, कारण मऊपणा त्यातच असतो. घाईत सुरी चालते ती हाताला लागणाऱ्या टोकावर, आणि उरतो फक्त कडक बुंधा.

आता शॉकची लांबी. मूळ लांबीचा शॉक तसाच ठेवून फक्त स्प्रिंग बदलली, तर शॉकचा पिस्टन कायम नळकांड्याच्या खालच्या भागात काम करतो. दोन नळ्यांच्या साध्या शॉकमध्ये तळाशी एक झडप असते. बंप स्टॉप कापलेला असेल तर पिस्टन थेट तिच्यावर आपटतो, आणि काही महिन्यांत शॉक खरंच जातो. आखूड शॉक म्हणजे नळकांडंच आखूड, त्यामुळे गाडी खाली बसली तरी दांड्याला आत सरकायला जागा राहते. साठ मिमी खाली जायचं असेल तर आखूड शॉकला पर्याय नाही, हे आधीच मान्य करून पैसे बाजूला काढलेले बरे.

कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारं स्प्रिंग-शॉकचं किट, घेतलं म्हणजे हा प्रश्न आपोआप सुटतो, असा समज आहे. सुटतोच असं नाही. टॉर्शन बीमच्या गाड्यांसाठी मिळणाऱ्या बऱ्याच किटमध्ये मागे स्प्रिंग आणि शॉक वेगळेच राहतात. उंची बदलते ती स्प्रिंगखालच्या, किंवा वरच्या, आट्यांच्या बैठकीने. आणि शॉकची लांबी बदलते ती त्याच्या बुडाशी असलेल्या वेगळ्या आट्यांनी. फिटर पान्याने बैठक खाली घेतो, गाडी खाली बसते, मालक खूश होतो, फोटो निघतात. शॉकच्या बुडाशी असलेला नट कुणी हलवलेलाच नसतो. शॉक पूर्वीइतकाच लांब, त्यामुळे त्याचा दांडा जवळजवळ पूर्ण आत. कारण शोधायला पुढे दोन गॅरेजं आणि एक अलाइनमेंटवाला पालथा घातला जातो. दोष असतो पाच मिनिटांच्या कामाचा: गाडी उंचीवर बसल्यावर शॉकचं बूड तेवढंच आखूड करायचं, आणि हे करताना आटे किमान किती आत राहिले पाहिजेत याची किटवर दिलेली मर्यादा ओलांडायची नाही.

प्रीलोडबद्दलही, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवण्याबद्दलही, गल्लत होते. सरळ वेढ्यांची स्प्रिंग बैठक वर फिरवून आवळली म्हणून कडक होत नाही, २.५ किलोची स्प्रिंग २.५ किलोचीच राहते. बदलतो तो गाडीचा उंचीवरचा मुक्काम, आणि शॉकच्या एकूण सरकेपैकी किती वर जाण्यासाठी व किती खाली येण्यासाठी याची वाटणी. आदळणाऱ्या गाडीत ही वाटणी नीट केली तरी कधीकधी काम भागतं. माझदाच्या पहिल्या पिढीतल्या एमएक्स-५ या छोट्या स्पोर्ट्स कारचे शौकीन याचा एक नमुना दाखवतात. त्या गाडीत मागे वर सरकायची जागा मुळातच तुटपुंजी. म्हणून लोअर करताना ते दुसऱ्या पिढीच्या एमएक्स-५ची वरची माउंटिंगं बसवतात, कारण त्यांच्या घडणीमुळे शॉकला थोडी जास्त सरक मिळते. नवी स्प्रिंग नाही, नवा शॉक नाही. आहे त्याच जागेत वरची वाटी बदलून मिळवलेले मिलिमीटर.

स्प्रिंग कापणं किंवा गॅसच्या ज्वालेने तापवून बसवणं हे दोन स्वस्त मार्ग अजून चालतात. तापवलेल्या स्प्रिंगच्या पोलादाला दिलेलं पाणी उतरतं. ती आज इथे बसते, सहा महिन्यांनी आणखी खाली, आणि दोन्ही बाजू सारख्या बसतील याची हमी नाही. यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही, ते करू नये. कापण्याचं गणित मात्र पाहण्याजोगं आहे. स्प्रिंगचा कडकपणा काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहापैकी एक वेढा कापला तर ती वीस टक्के कडक होते. उंची भरपूर गेली, कडकपणा मिळाला वीस टक्के, सौदा तोट्याचा. शिवाय कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि गाडी उचलली की स्प्रिंग तिथल्या तिथे फिरते.

याच्या उलट्या टोकाला आहे बाजारात सर्रास मिळणारा रबरी ‘स्प्रिंग बफर’, वेढ्यांच्या मधे ठोकून बसवायचा. मूळ उंचीच्या गाडीत भार वाढल्यावर मागची बाजू खाली बसू नये म्हणून लोक तो घेतात. लोअर केलेल्या गाडीत टायर घासायचा थांबावा म्हणून तो मागच्या स्प्रिंगमध्ये कोंबला, तर एक वेढा जवळजवळ निकामी होतो, उरलेल्यांवर ताण वाढतो आणि वेढ्यावर वेढा बसण्याची वेळ आधी येते. आवाज काही दिवस थांबतो खरा. त्या पैशात चांगल्या फोम स्टॉपची जोडी येत असेल, तर ती घ्यावी.

चाक वर जाण्याची एवढी चर्चा झाली. खाली येण्याकडेही पाहायला हवं. रिकाम्या गाडीत मागच्या प्रत्येक चाकावर स्प्रिंगने पेललेलं वजन १९० किलो धरू. चाकापाशी कडकपणा १.६ असताना चाक जवळपास १२० मिमी खाली लोंबेपर्यंत स्प्रिंग ताणात असते. कडकपणा ३.२ झाला की ६० मिमीवरच ती सैल पडते. शॉक त्याहून जास्त लांबत असेल, तर मोठ्या खड्ड्यात किंवा जॅकवर गाडी उचलताना स्प्रिंग बैठकीतून निसटू शकते, आणि परत बसेल ती तिरकी. यासाठीच आखूड कडक स्प्रिंगवर पातळ चपट्या वेढ्यांची मदतनीस स्प्रिंग चढवतात. गाडीच्या वजनाखाली ती पूर्ण मिटलेली असते आणि चाक लोंबलं की उघडून मुख्य स्प्रिंगला जागेवर धरते. उलट शॉक फारच आखूड असेल तर चाक खड्ड्यात उतरायच्या आधीच लटकतं, मागून टक्‌कन आवाज येतो, आणि खंबाटकी घाटासारख्या वळणावर आतल्या बाजूचं मागचं चाक हलकं पडतं किंवा उचललंच जातं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत त्याने लगेच आभाळ कोसळत नाही, पण ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना जमिनीवरची तीन चाकं पुरत नाहीत.

मल्टिलिंक मागचा भाग असलेल्या गाड्यांचं दुखणं वेगळं. भारतात २००६ ते २०१३ या काळात विकली गेलेली होंडा सिव्हिक हे आपल्याकडचं ठळक उदाहरण. अशा रचनेत चाक वर जाताना त्याचं डोकं आत झुकतं, म्हणजे कॅम्बर बदलतो. मडगार्डच्या आत टायर मावायला ते सोयीचं, म्हणूनच दिसण्यासाठी गाडी खाली बसवणाऱ्या ‘स्टान्स’वाल्यांना ती प्यारी. पण सोबत टोही, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर वळण्याचा कोनही, बदलतो, आणि टायर कॅम्बरपेक्षा टोने लवकर खाल्ला जातो. आतल्या कडेच्या तारा दिसेपर्यंत बाहेरची नक्षी नवीकोरी असते. इथे जुळवता येणारे मागचे आर्म घेणं ही चैन नव्हे. जुन्या बीएमडब्ल्यू ई-थर्टीत तर मागचे तिरके आर्म असे आहेत, की गाडी खाली बसवली की कॅम्बर आणि टो दोन्ही एकदम बिघडतात. टॉर्शन बीममध्ये दोन्ही चाकं सारखी वर गेली तर कोन जवळजवळ बदलत नाहीत. बदल हवाच असेल तर हब आणि बीमच्या मधे पातळ पाचरी घालाव्या लागतात.

सर्वांत मोठी उलथापालथ अखंड अॅक्सलच्या गाड्यांत होते, आणि तिचा इतिहासही तिथलाच. कॅलिफोर्नियाने १९५८पासून कायदा लागू केला, की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेहून खाली नको. त्यातून वाट काढताना रॉन अगीरे यांनी १९५९मध्ये आपल्या शेवरोले कॉर्व्हेटला, ‘एक्स-सॉनिक’ला, विमानातल्या हायड्रॉलिक पंपांच्या आधारे वरखाली होणारं सस्पेन्शन बसवलं: पोलिस दिसले की वर, गेले की खाली. गाडी मुद्दाम खाली बसवून मिरवणाऱ्या लोरायडरांची परंपरा पुढे याच वाटेने फोफावली. त्या जड गाड्यांत आणि पिकअप ट्रकांत अॅक्सल वर येऊन थेट चेसिसच्या दांड्याला धडकते. म्हणून तो दांडा अर्धगोल कापून त्यात जाड पत्र्याची कमान वेल्ड करतात, तीच सी-नॉच. शिवाय अॅक्सलला आडवं धरणारा पॅनहार्ड रॉड कंसात फिरतो, त्यामुळे गाडी खाली बसली की सगळी अॅक्सल एका बाजूला सरकते. एका बाजूचा टायर पत्र्याला चिकटलेला आणि दुसरीकडे चार बोटं मोकळी दिसली, तर आधी या रॉडकडे पाहावं. जपानमध्ये तपासणीत पोटाखाली किमान ९ सेंटिमीटर लागतात, एवढी साधी अट आहे. आपल्याकडचा प्रश्न असा एका मापात मावत नाही.

कारण आपल्याकडे गतिरोधक आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. अडीच मीटर व्हीलबेसची गाडी त्यावर मधोमध आली की चारही चाकं उंचवट्यावरच असतात, आणि पोटाखालची जागा कमी होते साधारण ४६ मिमीने. शंभर मिमी उंचीची गाडीही तो बिनघोर ओलांडेल. पण गल्लीतल्या उत्साही मंडळींनी रातोरात घातलेला, हातभर रुंद आणि तेवढाच दहा सेंटिमीटर उंच बांध पूर्ण १०० मिमी खातो. वर मागचं चाक त्यावरून उतरताना स्प्रिंग दबते ते वेगळंच. असा बांध तिरका ओलांडला तर नाक वाचतं, पण मागचं एकच चाक पूर्ण वर जातं. एका चाकाची चाचणी केलेली असेल त्यालाच तिथे काय घासणार हे माहीत असतं.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांत विसंगती येईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये केरळच्या प्रकरणात ते ठासून सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर खाली वाकून पाहतो, तेव्हा हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. 

जुनी गाडी असेल तर बीमजवळ ब्रेकच्या नळीला जोडलेली एक छोटी झडप आहे का, ते तपासावं. एबीएस नसलेल्या बऱ्याच गाड्यांत ही झडप मागची अॅक्सल किती दबली यावरून मागच्या ब्रेकचं बळ ठरवते. गाडी लोअर केली की तिला वाटतं मागे माणसं भरलीत, आणि रिकाम्या गाडीतही ती मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडते. पावसात मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी फिरते. झडपेची कांडी नव्या उंचीप्रमाणे जुळवून घेणं हे लोअरिंगच्या बिलातच धरावं.

सगळं बसवून झाल्यावर एक काम नेहमी राहून जातं. बीमचे पुढचे बुश चाकं लोंबकळत असताना आवळलेले असतात. हे बुश रबराचे, आत-बाहेर चिकटवलेले. आवळले त्या कोनात ते स्थिर होतात. गाडी खाली बसल्यावर मग ते सतत पिळलेले राहतात, स्प्रिंगला नकोसा जोर लावतात आणि लवकर फाटतात. म्हणून ते बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर नव्या उंचीला उभी असताना, कंपनीने सांगितलेल्या जोराने पुन्हा आवळायचे. अलाइनमेंट त्यानंतर, आणि चालकाच्या सीटवर चालकाइतकं वजन ठेवून.

शेवटी केबल टाय. शॉकच्या उघड्या दांड्यावर तो सैलसर बांधून खाली नळकांड्याला टेकवून ठेवायचा, आणि आठवडाभर गाडी नेहमीसारखी, नेहमीच्या माणसांसकट चालवायची. नळकांडं वर सरकताना टायला ढकलत नेतं आणि सर्वांत मोठ्या दणक्याची जागा दांड्यावर राहते. टाय आणि स्टॉपच्या मधे फट दिसली, तर स्टॉपला हातही लागलेला नाही, उंची कमी करायला वाव आहे. टाय स्टॉपच्या पहिल्या-दुसऱ्या वळीपर्यंत घुसला असेल, तर जुळणी बरोबर बसली. तो पूर्ण दबलेल्या स्टॉपच्या मापापर्यंत वर गेलेला असेल, तर बैठक दहा मिलिमीटर वर फिरवायची, शॉकचं बूड तेवढंच लांब करायचं, टाय पुन्हा खाली सरकवायचा आणि आणखी एक आठवडा गाडी चालवायची.